सहा फुटांचा मालधक्का : घरातल्या पहिल्या मॉडेल रेल्वेसाठी

मॉडेल रेल्वे म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गोल फिरणारी गाडी, मधे डोंगर आणि डोंगरात बोगदा असंच चित्र येतं. मग आपण टेप घेऊन हॉल मोजायला जातो आणि बेत तिथेच अडतो. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये, साधा गोल करायचा तरी वळणाची त्रिज्या किमान १८ इंच लागते. म्हणजे नुसत्या वळणालाच ३६ इंच गेले, दोन्ही कडांना थोडी जागा सोडली की फळी साडेतीन फूट रुंद होते. पलंगाएवढी ही वस्तू दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कायमची ठेवायची कुठे? भिंतीला उभी करून ठेवावी तर दर वेळी मांडामांड आली. पाहुणे यायचे म्हटलं की आवराआवर आली. अशा गाड्या दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस धावतात आणि मग खोक्यात जातात.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आग्रहाने सांगतो, पहिली रेल्वे गोल करू नका. ६ फूट लांब आणि १ फूट रुंद फळीवर एका लहानशा स्टेशनचा मालधक्का करा. एक इंजिन, आठ वाघिणी (मालगाडीचे डबे), दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि तीन लाइनी पुरतात. ही फळी पुस्तकांच्या कपाटावर बसते, भिंतीवर ब्रॅकेट ठोकून मांडणीसारखी बसते, अभ्यासाच्या टेबलामागेही बसते. बटण दाबलं की इंजिन चालू, जेवणं आटोपल्यावर पंधरा मिनिटं शंटिंग, म्हणजे डबे मागेपुढे करून हव्या लाइनीवर लावायचं काम, करायचं आणि झोपायला जायचं. हा छंद टिकतो तो या रोजच्या पंधरा मिनिटांवर.

आधी बघून या, मग स्केल ठरवा

पुण्यात किंवा आसपास असाल तर कोथरूडचं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज आधी बघा. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या धावताना बघायच्याच, पण त्याबरोबर रूळ वळणावर कसे बसवलेत, सांधे किती अंतरावर आहेत, मोठा डबा वळताना किती बाहेर झुकतो, हेही निरखा. फोटोत हे कळत नाही.

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान आहे ते, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एचओ स्केल १:८७ आहे आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. एन स्केल १:१६०, रूळ ९ मिलिमीटरचे. ब्रिटिश गाड्यांचं ओओ हे १:७६ असलं तरी रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे. त्यामुळे हॉर्नबीचं इंजिन एचओच्या रुळांवर चालतं, फक्त शेजारी उभं केलं की जरा थोराड दिसतं.

आपल्याकडे सुरुवात एचओमध्ये करावी असं माझं मत आहे. भारतीय इंजिनं आणि डब्यांची मॉडेल्स प्रामुख्याने याच स्केलमध्ये होतात, आणि स्वतः काही बनवायचं झालं तरी या आकाराचं काम साध्या डोळ्यांनी जमतं. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. एचओचे १६.५ मिलिमीटर हे १४३५ मिलिमीटरच्या गेजचं लहान रूप आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्यामुळे १:८७ मध्ये काटेकोर अंतर १९.३ मिलिमीटर यायला हवं. आपण करतो काय, तर गाडीचा सांगाडा १:८७ चा ठेवतो आणि तो १६.५ च्या रुळांवर चालवतो. समोरून नीट पाहिलं तर चाकं जरा आत वाटतात, बाजूने काही कळत नाही. १९.३ साठी रूळ, सांधे आणि चाकं सगळंच हाताने करावं लागतं. तो हट्ट पहिल्या रेल्वेला नको.

नॅरोगेजवर प्रेम असेल तर गणित छान जुळतं. कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली आणि १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती. विदर्भातली शकुंतलाही त्याच गेजची. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. म्हणजे एनचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि एनच्या इंजिनाचा सांगाडा घ्यायचा, त्यावर १:८७ ची बॉडी चढवायची, की बार्शी लाइट तयार. पण हे दुसऱ्या वर्षाचं काम.

खरेदी

सेट बहुधा परदेशातून येतो, नाहीतर अमेरिकेतून येणारा भाऊ किंवा मावशी बॅगेत घालून आणते. तो हातात पडला की रूळ जोडायच्या आधी ॲडॉप्टर उलटा करून त्यावरचा बारीक मजकूर वाचा. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट असतात, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. ॲडॉप्टरवर ‘१००–२४०’ लिहिलं असेल तर पिन बदलणारा साधा सॉकेट पुरतो. नुसतं ‘१२०’ किंवा ‘१००’ असेल तर तो आपल्या प्लगमध्ये मुळीच घालू नका. कंट्रोलरला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात ते पाहून त्याच मापाचा ॲडॉप्टर इथे घ्या. घेताना एसी की डीसी, आणि डीसी असेल तर पिनची धन-ऋण बाजू, हेही जुळवून बघा.

दुसरी सावधगिरी मार्कलिन या जर्मन कंपनीच्या जुन्या एचओ गाड्यांबद्दल. त्या तीन वाहकांच्या एसी पद्धतीवर चालतात आणि त्यांच्या चाकांना दोन बाजूंमध्ये इन्सुलेशन नसतं. आपल्या दोन रुळांवर ठेवल्या की सरळ शॉर्ट होतं. स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका.

डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल, घ्यावं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डीसीसीमध्ये प्रत्येक इंजिनात डिकोडर असतो, त्याला स्वतःचा नंबर असतो, आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. दिवे, भोंगा, डिझेलची घरघर सगळं मिळतं. पण एका इंजिनाच्या मालधक्क्याला साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर भरपूर झाला. उरलेले पैसे चांगल्या इंजिनात घाला. अगदी हळू, धक्का न देता सरकणारं इंजिन हवं. या फळीवर वेगाचं काहीच काम नाही. सगळ्या चाकांमधून वीज घेणारं डिझेल शंटर किंवा छोटं डिझेल सगळ्यात बरं.

रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. लोखंडी रूळ मुंबईत आणि कोकणात एका पावसाळ्यात गंजतात. वाघिणी आठही एकाच प्रकारच्या कपलिंगच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याच्या, घ्या. चुंबकाने सुटणारं नकल कपलिंग उत्तम; ते बांबूची बारीक काडी वरून घालून हलकेच फिरवली तरी सुटतं.

फळी

१२ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या. ८ बाय ४ चा आख्खा ताव लागत नाही, प्लायवाल्याकडे कापलेला तुकडा मिळतो. खालून २ बाय १ इंची लाकडाची चौकट, आणि दर दीड फुटावर आडवी पट्टी. सांधे कुठे येणार ते आधी ठरवा आणि पट्टी नेमकी त्यांच्याखाली येऊ देऊ नका, नाहीतर पुढे सांध्याला मोटर बसवायची झाली तर जागाच उरत नाही. वरून, खालून आणि चारही कडांना प्रायमर मारून ऑइलपेंटचा हात द्या. कडा विसरतात आणि जुलैमध्ये प्लाय तिथूनच ओल पितं.

भाड्याच्या घरात राहत असाल तर ३-३ फुटांच्या दोन फळ्या करून बोल्टने जोडा. जोडावर सांधा येऊ देऊ नका, सरळ रूळच हवा. फळीची उंची छातीइतकी ठेवली तर गाडी खऱ्यासारखी दिसते, कारण आपण खऱ्या गाडीकडेही वरून बघत नाही.

रूळ आणि तारा

रचना इंग्लंडच्या ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या छोट्याशा यार्डाची घ्यायची. डाव्या हाताला एक रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढी लांबी. पुढे लागोपाठ दोन सांधे. त्यातून निघणाऱ्या तीन लाइनींपैकी एकीवर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. आपली बॉक्सएन वाघीण, म्हणजे कोळसा वाहणारा उघडा डबा, सुमारे १०.७ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये १२३ मिलिमीटर. पाच वाघिणींना ६१५ मिलिमीटर, म्हणजे दोन फूट लागले. इंजिन आणि तीन वाघिणींना जवळपास तेवढेच. लहान त्रिज्येचे सांधे घेतले तर सगळं सहा फुटांत नीट बसतं.

फळीवर ३ मिलिमीटरचा कॉर्क चिकटवा, नाहीतर प्लाय ढोलकीसारखं वाजतं आणि रात्री घरच्यांची झोप मोडते. त्यावर रूळ फक्त टाचण्यांनी बसवा. फेव्हिकॉल अजिबात नको. एक-दोन आठवडे गाडी अशीच चालवा. कुठली लाइन अपुरी पडते, कुठे हात पोहोचत नाही, हे चालवल्यावरच कळतं आणि टाचण्या काढायला काहीच कष्ट नाहीत.

रूळ कापला की त्याचं टोक कानशीने घासा. जोड बसवल्यावर नख रुळाच्या आतल्या कडेने फिरवा. नख अडलं तर चाकही अडणार. जोडांपैकी काही ठिकाणी जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. एप्रिलमध्ये धातू वाढतो, जुलैमध्ये लाकूड फुगतं. फट नसेल तर रूळ वर उचलला जातो.

आता वीज. रुळांच्या जोडपट्टीतून वीज पुढे जाते यावर विसंबू नका, ती महिनाभरात ढिली होते. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतःची तार द्या. फळीखाली पाऊण चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य तारा, लाल आणि काळी. मागच्या रुळाला लाल आणि पुढच्याला काळी, हा नियम शेवटपर्यंत पाळा. रुळाच्या बाहेरच्या बाजूला घासून, फ्लक्स लावून २५ वॉटच्या आयर्नने झटकन सोल्डर करायचं. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की प्लॅस्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. दर जोडणीनंतर मल्टिमीटरने दोन रुळांत शॉर्ट तर नाही ना ते बघा. सगळं जोडून मग शोधत बसणं फार जिकिरीचं. हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतं.

सांध्यात रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो तुकडा म्हणजे फ्रॉग. नवख्याने प्लॅस्टिकच्या फ्रॉगचा सांधा घ्यावा, वायरिंग सोपं राहतं. मात्र त्या तुकड्यात वीज नसते, म्हणून तर इंजिन सगळ्या चाकांतून वीज घेणारं हवं. चारच चाकांचं इंजिन हळू चालवलं की तिथे हमखास थांबतं.

न अडखळता

देखावा करण्याची घाई सगळ्यांना असते. मी थांबा म्हणतो. वाघीण रुळावरून घसरत असेल तर झाडं लावून ती घसरायची थांबत नाही, उलट झाडांमुळे हात घालणं अवघड होतं.

प्रत्येक वाघीण उलटी करा आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. एचओला ते साधारण १४.५ मिलिमीटर हवं. कमी-जास्त असेल तर चाक धरून हलकेच पिळून सरकवा. मग वजन करा. अमेरिकेच्या एनएमआरए या संस्थेची शिफारस आहे की एचओच्या वाघिणीचं मूळ वजन १ औंस आणि शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. बॉक्सएनच्या मापाने हे ९५ ते १०० ग्रॅमच्या आसपास जातं. रिकामी प्लॅस्टिकची वाघीण याच्या निम्मीही भरत नाही. खालच्या बाजूला लोखंडी वॉशर चिकटवून वजन पुरं करा. हलकी वाघीण ढकलताना उडी मारते, आणि शंटिंगमध्ये अर्धं काम ढकलण्याचंच असतं.

आठही वाघिणी इंजिनाने हळू ढकलत दोन्ही सांध्यांवरून न्या. सगळ्या फेऱ्या बिनबोभाट झाल्या की मग रूळ चिकटवा.

आणि खेळायला लागा. आठ वाघिणींना आठ नंबर द्या, चिठ्ठ्या टाकून पाच उचला, आणि त्याच क्रमाने त्या पाच वाघिणी लांब लाइनीवर लावा. नियम एवढाच, डावीकडच्या रुळावर एका वेळी तीनपेक्षा जास्त वाघिणी घेता येत नाहीत. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे ६७२० प्रकार होतात, त्यामुळे तोच डाव पुन्हा पडण्याची धास्ती नाही. मुलांना हे अवघ्या दोन दिवसांत आपल्यापेक्षा छान जमतं.

देखावा

दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला देखावा शिकवावा लागत नाही. माती चाळायची, रंगांची समज ठेवायची, लांबून बघत बघत पुढे जायचं, सगळं तेच. फक्त चाळण फार बारीक हवी. खऱ्या रुळांखालची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. १:८७ मध्ये तो दाणा पाऊण मिलिमीटरचा होतो, रव्याएवढा. बाजारातली ‘बारीक वाळू’ टाकली तर रुळांशेजारी कलिंगडं पडल्यासारखी दिसतात.

चाळलेल्या मातीतून चुंबक फिरवल्याशिवाय ती फळीवर टाकू नका, हे मात्र विसरायचं नाही. दख्खनच्या काळ्या दगडात लोहखनिजाचे कण असतात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीतून दोन-तीनदा फिरवा, पिशवीवर काळी लव उभी राहते. पिशवी उलटी केली की ती लव वेगळी पडते, चुंबक स्वच्छ राहतो. ही लव मातीत राहिली तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ती ओढून घेतं आणि मोटर आतून खराब होते. घाटावरच्या कुठल्याही ओढ्याची वाळू घेऊन बघा, किती निघतं ते दिसेल.

खडी कोरडीच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे बसवा, आणि फवाऱ्याने पाण्याची धुई द्या. मग फेव्हिकॉल आणि पाणी सारखं घेऊन, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने सोडा. साबण नसला तर थेंब वरच गोळा होऊन खडी सरकवतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ हे मिश्रण जाऊ देऊ नका. देश दाखवायचा तर खडी करडी-काळी आणि जमीन तपकिरी, कोकण दाखवायचं तर जांभ्याचा तांबडा रंग. पाचोळ्यासाठी वापरलेली चहा पावडर छान दिसते, पण कडक उन्हात चार दिवस वाळवून मगच. ओलसर राहिली तर श्रावणात फळीवर बुरशी येते.

मालधक्क्याची इमारत सनबोर्डची करा. छपराच्या पन्हाळी पत्र्यासाठी बिस्किटाच्या पुड्यातला नळीदार कागद वापरतात, तो नको. १:८७ मध्ये पत्र्याची नळी जेमतेम एक मिलिमीटरची असते. जाड ॲल्युमिनियम फॉइलवर पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने एकेक मिलिमीटरवर रेघा ओढा, मागून थोडा गंजाचा रंग द्या. पिवळी पाटी, त्यावर काळ्या अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजी नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली की बघणारा लगेच आपल्या मुलखात येतो. खताची पोती, हातगाडी, सावलीला उभा ट्रक. कोलाडहून वेर्ण्याला ट्रक वाहून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो गाडी १९९९ पासून चालते. सपाट वाघिणींवर १:८७ चे ट्रक चढवून तीही याच फळीवर छान बसते.

रोजची निगा

धूळ आणि काळपट थर हेच खरे शत्रू. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या पडतात आणि त्यातून काळा थर साठतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रूळ पुसा. पॉलिशपेपर कधीच वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी भरते. फळीवर जुनी साडी किंवा चादर टाकायची सवय असते. त्याचे तंतू गिअरमध्ये आणि आसांभोवती गुंडाळले जातात. टेबलावर घालतात तो जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव बरा. तेल वर्षातून एखाद-दोन वेळा, सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि प्लॅस्टिकला चालणारं. खोबरेल चुकूनही नको, डिसेंबरमध्ये ते थिजतं आणि इंजिन जागचं हलत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज पाच मिनिटं चालवलेली बरी.

पुढे

घाट करायची इच्छा होणारच. त्याआधी हिशोब बघा. भोर घाटातला चढ ३७ ला १ आहे आणि मॉडेललाही याहून तीव्र चढ जड जातो. एका गाडीवरून दुसरा रूळ न्यायचा तर एचओमध्ये ३ इंच उंची हवी, म्हणजे ३७ च्या हिशोबाने सव्वानऊ फूट चढ आणि तेवढाच उतार. त्याला स्वतंत्र खोली लागते, किंवा गावाकडचं घर.

त्याऐवजी पहिल्यापासून डावीकडचा रूळ फळीच्या कडेपर्यंत नेऊन ठेवा आणि टोकाला एक काढता येणारा बफर, म्हणजे गाडी अडवणारा ठोकळा, बसवा. पुढे २ फुटांची एक सुटी फळी करून तिच्यावर एक सरळ रूळ टाकायचा, बफर काढायचा, दोन बोल्टने ती तिथे जोडायची. तिच्यावर इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या करून गाडी बाहेरून यार्डात आणता येते, भरलेल्या वाघिणी परत पाठवता येतात. काम झालं की ती फळी काढून कपाटामागे जाते. दुसरी, तिसरी अशीच करता येते, फक्त बोल्टची भोकं सगळ्या फळ्यांना एकाच पत्र्याच्या साच्यावरून पाडा, म्हणजे रूळ कुठल्याही जोडीला जुळतील.